नाशिक-नागपूर विमान: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं माहेर नागपूरचं, सासर नाशिकचं. आईचं वय झालंय, त्यामुळे वरचेवर जावं लागतं आणि गेले काही महिने मी ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, विमानानेच जाते. "नक्की किती वेळ लागतो गं?" असं ओळखीतलं प्रत्येक जण विचारतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ओझर ते नागपूर हवाई अंतर साधारण ५५० किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती अजिंठ्याच्या डोंगरांवरून, बुलढाणा-अकोल्याच्या अंगाने जाते. रेल्वे मनमाड, भुसावळ, बडनेरा अशी फिरून जाते, ते ६५० भरतं. समृद्धी महामार्गाने सहाशेच्या आसपास. म्हणजे अंतर फारसं वाचत नाही, वाचतो तो वेळ.

विमान एटीआर ७२, पंख्यांचं. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या जवळपास. या हिशेबाने सव्वा तास पुरायला हवा, पण तिकिटावर पावणेदोन तासांच्या आतबाहेर वेळ असतो. कारण तो वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि नागपूरला जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरण्याआधीची वळणं, सगळं त्यात आलं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि येताना समोरून. परतीला काही मिनिटं जास्त लागतात ती त्यामुळेच.

आता खरा हिशेब, घर ते घर. इंदिरानगरहून ओझर पाऊण तास, वाटेत द्वारका चौकात गर्दी असेल तर एक तास. विमानतळावर सव्वा तास आधी पोहोचायचं. नागपूरला सामान घेऊन बाहेर पडायला वीसेक मिनिटं, आणि सोनेगावच्या विमानतळावरून आईचं प्रतापनगरचं घर अगदी जवळ. एकूण साडेचार तास. गाडीने समृद्धीवरून जेवणखाण धरून आठ तास लागतात आणि सोबत चालवणारं माणूस लागतं. आईला भेटून दुसऱ्या दिवशी परतायचं असेल तर हे वाचलेले साडेतीन तास फार मोलाचे आहेत.

या विमानात चढायचा दरवाजा मागे असतो. त्यामुळे शेवटच्या रांगेत बसणारा सगळ्यात आधी उतरतो. मी मुद्दाम मागची खिडकी घेते. पंख वरच्या बाजूला असल्याने खालचं मोकळं दिसतं, पावसाळ्यात ढग फाटले की विदर्भातली कपाशीची शेतं सुद्धा. पंख्यांजवळच्या रांगांत आवाज जास्त येतो. डोक्यावरचे कप्पे लहान आहेत, मोठी ट्रॉली शिडीपाशीच काढून घेतात. औषधं आणि चष्मा खांद्याच्या पिशवीत ठेवा.

एकच गोष्ट मनाला लागते. दिवसातून फेऱ्या इतक्या कमी की विमान रद्द झालं तर दुसऱ्या दिवसावरच जातं. माझ्यावर ही वेळ आली, निरोप आला तेव्हा मी ओझरच्या वाटेवर होते. त्या रात्री नाशिकरोडहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी नागपूर गाठलं. दवाखान्याची तारीख ठरलेली असेल तर निदान एक दिवस आधी निघा.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा पुढच्या महिन्यांची तिकिटं काढण्याआधी नवी वेळ तपासा. घरात चौघं जाणार असाल आणि घाई नसेल तर समृद्धी किंवा रात्रीची रेल्वे स्वस्त पडते. एकट्या माणसाला, विशेषतः गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना, मी विमानच सुचवेन. चाकाची खुर्ची मात्र तिकीट काढतानाच मागून ठेवा, कारण या विमानात शिडीनेच चढावं लागतं.