नागासाकीचं अणुबॉम्ब म्युझियम: पाऊण तासात उरकू नका

आधीच सांगते, आम्ही नागासाकीला बॉम्बसाठी गेलोच नव्हतो. आम्ही वसईचे, आणि मम्मीची कधीपासूनची इच्छा की आपल्या संत गोन्सालो गार्सियाला ज्या टेकडीवर क्रुसावर चढवलं ती बघायची. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाकाला २६ जणांना मारलं, त्यातला एक आपला वसईत जन्मलेला. टेकडी स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहे. ते झालं की म्युझियम, आणि त्याला टूरवाल्याने (नाव लिहीत नाही) दिलेला वेळ किती तर पाऊण तास! आम्ही सरळ ग्रुप सोडला आणि ट्राम पकडली, बेस्ट निर्णय.

तिकीट २०० येन, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. ऑडिओ गाइडचे पैसे वेगळे पण घ्याच. गोल उताराने खाली उतरत जायचं आणि पहिलंच ११:०२ ला बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ. पुढे बॉम्बचं मॉडेल आहे खऱ्या मापाचं, पिवळं, पोट सुटलेलं, नावसुद्धा फॅट मॅन. आत प्लुटोनियम जेमतेम ६ किलो, आणि ताकद २१ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी.

मला माहीतच नव्हतं की ९ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब घेऊन निघालेलं अमेरिकेचं विमान आधी कोकुरा नावाच्या दुसऱ्याच शहरावर गेलं होतं. तिथे ढग आणि धूर, घिरट्या घातल्या तरी लक्ष्य दिसेना, इंधन संपत आलं म्हणून नागासाकीकडे वळले, तर इथेही ढग, मग ढगात फट दिसली तिथे सोडून दिला. ठरलेल्या जागेपासून तीनेक किलोमीटर लांब, उराकामीच्या खोऱ्यात.

आता उराकामी म्हणजे कोण, तर जपानमधले जुने कॅथलिक. अडीचशे वर्षं लपूनछपून धर्म सांभाळलेले, बंदी उठली १८७३ ला, मग विटा रचत रचत स्वतःचं कॅथेड्रल उभं केलेलं. बॉम्ब फुटला त्या जागेपासून ते ५०० मीटरवर. १५ ऑगस्टचा मरियामातेचा सण तोंडावर म्हणून लोक कन्फेशनला (फादरजवळ पापांची कबुली द्यायला) आले होते, आत होते ते फादरसकट सगळे गेले. तिथल्या १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले असं मानतात. वितळलेल्या रोजरी माळा काचेत ठेवल्यात, मम्मी तिथे जी उभी राहिली ती हलेचना. काही बोलली नाही, पर्समधली स्वतःची माळ काढून मुठीत धरली बस. मग डॉ. नागाई ताकाशींची गोष्ट वाचली, रेडिओलॉजिस्ट माणूस, घरी पोचला तर राखेत बायकोची हाडं आणि जवळ तिची माळ. पुढे स्वतःही ल्युकेमियाने १९५१ ला गेले, तो मात्र त्यांना बॉम्बच्या आधीच झाला होता, एक्स-रेच्या कामामुळे.

१९४५ संपेपर्यंत शहरात साधारण ७४ हजार मेले. सगळे जपानीच नव्हते बरं का, कामाला जुंपलेले कोरियन होते, डच-ब्रिटिश युद्धकैदी होते. अंगावर जखम नसलेली माणसंसुद्धा नंतर केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन गेली. तो भाग लहान मुलांना दाखवायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी दहा-बाराच्या खालच्यांना नेणार नाही. जपानने चीनमध्ये काय केलं तेही आहे पण थोडक्यात, ते मला जास्त हवं होतं. शेवटी अणुचाचण्यांचं दालन येतं, तोवर डोकं सुन्न झालेलं असतं त्यामुळे नीट वाचलं गेलं नाही.

बाहेर आल्यावर ट्राम पकडू नका. खाली पार्कात काळा दगडी खांब आहे, बॉम्ब बरोब्बर त्याच्या वर फुटला, आणि तिथून कॅथेड्रल चालत दहा-पंधरा मिनिटं. आत्ताचं १९५९ चं आहे, पण बाजूला ओढ्यापाशी जुन्या मनोऱ्याचा घुमट पडला तिथेच ठेवलाय. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि १९४५ च्याच नाताळच्या आदल्या रात्री वाजवली. दुसरी फुटली, ती जागा रिकामीच होती, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिकांनी पैसे जमवून नवी दिली. मम्मी म्हणाली संध्याकाळची घंटा ऐकूनच निघायचं, म्हणून पायऱ्यांवर बसून राहिलो, त्यात ट्रेन चुकली आणि रात्रीचं जेवण म्हणजे स्टेशनवर घेतलेला कास्तेला केक, तो मुळात पोर्तुगीजांनी तिकडे नेलेला.