तपासणी कॅमेरा : थेट जोडणी की स्विचमधून?

उत्पादन रेषेवरचा गिगई व्हिजन कॅमेरा (नेटवर्क केबलवरून संगणकाला प्रतिमा पाठवणारा औद्योगिक कॅमेरा) अधूनमधून संपर्क सोडू लागला, की तो संगणकाच्या स्वतंत्र नेटवर्क कार्डाला थेट जोडावा की स्विचमधूनच (अनेक उपकरणे एका नेटवर्कवर जोडणाऱ्या पेटीतून) चालवावा, हा प्रश्न उभा राहतो. प्रतिमा यूडीपीवरून, म्हणजे माहिती पोहोचल्याची खात्री न करणाऱ्या पद्धतीने, येत असल्याने हरवलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पुन्हा मागावे लागते. चार कॅमेरे एकाच क्षणी ट्रिगर झाले (म्हणजे त्यांना प्रतिमा टिपण्याचा इशारा मिळाला) आणि स्विचकडून संगणकाकडे जाणारी वाट एकाच गिगाबिटची असली, तर स्विचचा बफर (तात्पुरती साठवण) भरून पॅकेट गळतात. थेट जोडणीत ही गर्दीच नसते, म्हणून दोष शोधताना मी आधी तीच करून पाहतो. तरीही संपर्क तुटत राहिला, तर केबल पाहावी : सतत वाकणाऱ्या केबलमधील तारांची एखादी जोडी तुटत आली, की जोडणीचा वेग १००० मेगाबिटवरून १०० वर घसरू शकतो आणि कार्डाच्या माहितीत तो आकडा दिसतो.

कॅमेरे अनेक असतील किंवा अंतर १०० मीटरपेक्षा जास्त असेल, तर सहसा स्विच लागतो. तेव्हा कॅमेऱ्यांचा इंटर-पॅकेट डिले (दोन पॅकेटमधला थांबा) वाढवावा आणि जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट पाठवण्याची सोय) कॅमेरा, स्विच व कार्ड या तिन्ही ठिकाणी चालू ठेवावी. एकीकडे ती राहून गेली, तर कॅमेरा सापडतो, पण प्रतिमा येत नाही.