जाफन्याची एक दिवसाची वॉर टूर: गाईडला पाचपैकी पाच, कंपनीला तीन

श्रीलंकेला गेलेले आपले लोक कँडी, नुवारा एलिया, बीच करतात नि परत येतात, आम्ही हट्टाने उत्तरेच्या टोकाचं, तमिळ लोकांचं जाफना घेतलं कारण सोबत काका होते. काका १९८७ ला १ मराठा लाईट इन्फंट्रीतून तिकडे गेलेले, म्हणजे आपली शांतिसेना, आणि एवढ्या वर्षांत घरी त्या विषयावर दोन वाक्यांच्या वर कधी बोलले नाहीत.

टूर ऑनलाईन बुक केली, कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी वेळेवर आली, एसी ठीकठाक. पण जाहिरातीत "युद्धाचा इतिहास, पूर्ण दिवस" असं लिहून सव्वा तास ताडगुळाच्या आणि साड्यांच्या दुकानात घालवला, वर जेवणाचे पैसे वेगळे. दोन स्टार तिथेच गेले.

गाईड मात्र सोनं. जाफन्याचाच तमिळ माणूस, पन्नाशीला टेकलेला, ४ जून १९८७ ला शाळकरी पोर होता. वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या वाघांना (एलटीटीई) मोडायला श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याला वेढा घातलेला, आदल्या दिवशी भारतातून मदत घेऊन आलेल्या बोटी त्यांच्या नेव्हीने परत पाठवलेल्या, म्हणून दिल्लीने पाच एएन-३२ विमानं पाठवून वरून धान्य टाकलं, सोबत मिराज लढाऊ विमानं. पोत्यांमागे आम्ही कसे धावलो ते हातवारे करून दाखवत होता आणि मग एकदम थांबून म्हणाला, ती पोती आमच्यासाठी होतीच पण त्याहून जास्त मद्रास आणि कोलंबोसाठी होती.

हे त्याने इतकं सोपं करून सांगितलं की मी पहिल्यांदाच नीट समजलो. १९८३ च्या श्रीलंकेतल्या तमिळविरोधी दंगलींनंतर निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत, तिकडे मुख्यमंत्री एमजीआर आणि विरोधातले करुणानिधी यांच्यात तमिळांचा खरा कैवारी कोण याची चढाओढ (एमजीआरचा जन्मच कँडीजवळचा, हे मला माहीतच नव्हतं), आणि दिल्लीला मद्रास दुखावून चालणार नव्हतं. पण नुसती मतंच नाहीत, भीतीपण होती. त्रिंकोमालीचं बंदर उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर? म्हणून २९ जुलै १९८७ च्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या करारासोबतच्या पत्रांत त्रिंकोमाली, तिथल्या तेलाच्या टाक्या, परदेशी रेडिओ केंद्रं हे सगळं आहे. तमिळ प्रश्नाच्या करारात तेलाच्या टाक्या! जयवर्धनेंचंही तेच, दक्षिणेत जेव्हीपी (सिंहली डाव्यांची बंडखोर संघटना) पेटलेली, आपली शांतिसेना बोलावून उत्तरेकडची जबाबदारी भारताच्या गळ्यात मारली की त्यांचं सैन्य तिकडे मोकळं.

काका मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "आम्हाला सांगितलेलं भांडण सोडवायला चाललोय. नकाशेपण धड नव्हते." ज्या वाघांना आपणच तामिळनाडूत ट्रेनिंग दिलं त्यांच्याशीच ऑक्टोबरात लढाई सुरू झाली. युनिव्हर्सिटीचं मैदान दाखवलं, तिथे ११-१२ च्या रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाईट इन्फंट्रीच्या तीस जणांतले २९ गेले, एक पकडला गेला. मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती.

मग गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली तेव्हा गाईडने स्पीड कमी केला आणि आरशात बघून काकांना विचारलं, "अय्या (तमिळमध्ये साहेब), इथे थांबू का?" २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस, आपले जवान या हॉस्पिटलात घुसले आणि डॉक्टर, नर्स, पेशंट मारले गेले. काका म्हणाले थांबव. खाली उतरले नाहीत. काच खाली करून बसून राहिले, गाईडने पाण्याची बाटली पुढे केली तर काका म्हणाले, "तण्णी" (तमिळमध्ये पाणी), आणि मला म्हणाले तिथे शिकलेला पहिला शब्द हाच. तो गाईड हसला. मी काही विचारलं नाही.

एक कमी सांगतो, मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला इथल्याच लढाईत गेले, परमवीर चक्र मिळालं. काकांनीच मग त्याला सांगितलं, हिंदी-इंग्रजी-तमिळ मिसळून, आणि तो ते वहीत लिहून घेत होता.

परत येणंसुद्धा राजकारणानेच झालं. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रेमदासा निवडून आले ते आपल्या सैन्याला घालवण्याच्या गोष्टी करत, दिल्लीत सरकार बदलून व्ही. पी. सिंग आले, २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेच्या वर जवान तिकडेच राहिले आणि मद्रासच्या बंदरावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. काका म्हणे, बँड होता, लोक नव्हते.

कोलंबोजवळ बट्टारामुल्लाला शांतिसेनेचं स्मारक आहे, काळा दगड, त्यावर नावं. ते या टूरमध्ये येत नाही, आम्ही शेवटच्या दिवशी टुकटुक करून गेलो, काका अर्धा तास चष्मा पुसत नावं वाचत होते.

जाणार असाल तर बुकिंग करतानाच लिहून टाका की दुकानं नकोत, आणि पन्नाशीचा तमिळ गाईडच मागा, तरुण मुलगा पाठवला तर किल्ला आणि आईस्क्रीम दाखवून सोडेल. जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो. ताडगूळ घेतलाच तर बाजारात घ्या, त्या दुकानात दुप्पट भाव होता.