'अँड्रॉइड १४' म्हणून जुनीच रॉम गळ्यात मारली: पैसे घेऊन फोन फ्लॅश करून देणाऱ्यांबद्दल

सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन. या ओळीत दिसणारा आकडा सिस्टिममधल्या बिल्ड.प्रॉप नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलीतून येतो. तिथे ९ खोडून १४ लिहिलं की सेटिंग्जमध्येही १४ दिसायला लागतं, आत सगळं होतं तसंच राहतं. माझ्याकडून पैसे घेऊन नेमकं एवढंच केलं गेलं. हा उद्योग अजून बिनबोभाट चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

फोन जुना, पण ठणठणीत. कंपनीने अँड्रॉइड ८ नंतर हात वर केले, सिक्युरिटी पॅचही थांबले. अशा फोनला कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टिम, टाकण्यात (यालाच फ्लॅश करणं म्हणतात) वावगं काहीच नाही. सायनोजेनमॉड ही अशीच एक रॉम २०१६ च्या शेवटी बंद पडली आणि तिच्यातूनच लिनिएजओएस ही रॉम उभी राहिली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी फोन या रॉम बनवणाऱ्या मंडळींनी स्वतःचा वेळ घालून, फुकटात जगवलेत. माझ्या मॉडेलचं काम मात्र लिनिएज १६ वर, म्हणजे अँड्रॉइड ९ वर, येऊन थांबलेलं. आणि एका चॅनेलवर जाहिरात: याच मॉडेलसाठी 'अँड्रॉइड १४ स्टेबल, पेड बिल्ड, सगळी बँकिंग ॲप चालणार' (बिल्ड म्हणजे तयार केलेली रॉम). सोबत अबाउट फोनचे स्क्रीनशॉट.

फाइल आधी द्या, मी टाकून बघतो, असं म्हटल्यावर उत्तर आलं, "सर, फाइल दिली की लोक वाटत सुटतात. पेमेंट करा, पीसीचा रिमोट द्या, लगेच करून देतो." पेमेंट झालं. त्याने माझ्या संगणकावरून बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठली सिस्टिम चालू द्यायची हे ठरवणारा भाग, अनलॉक केला (यात फोनमधला सगळा डेटा जातो, हे त्याने सांगितलं नव्हतं, बॅकअप होता म्हणून वाचलो), टीडब्ल्यूआरपी हे रॉम टाकायचं साधन बसवलं, रॉमची झिप फ्लॅश केली. फोन सुरू झाला, अबाउट फोनमध्ये १४. आठवरून नऊवर गेल्यामुळे दिसायलाही सगळं जरा नवं वाटत होतं. फसवणुकीची मेख इथेच आहे. थोडा बदल खरोखरच झालेला असतो.

पहिली शंका कॅमेऱ्याने आणली. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. इथे नव्हता. नवीन ॲप टाकलं तर नोटिफिकेशन पाठवू का, असं त्याने विचारलंच नाही. ही परवानगी १३ पासून विचारली जाते. मग व्हर्जनच्या ओळीवर भराभर टॅप केलं. प्रत्येक अँड्रॉइडमध्ये तिथे एक गंमत लपवलेली असते आणि ती आवृत्तीगणिक बदलते. माझ्या 'चौदा'मध्ये रंगीत वर्तुळांतलं पी अक्षर उमटलं. पी म्हणजे 'पाय' (इंग्रजी Pie), हे अँड्रॉइड ९ चं नाव.

विचारलं तर म्हणे, "कस्टम आहे सर, थोडं वेगळं असणारच."

म्हणून फोनची माहिती दाखवणारं एक ॲप टाकलं आणि एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइड आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, बघितली. २८. अँड्रॉइड ९ ची २८ असते, १४ ची ३४. हा आकडाही बिल्ड.प्रॉपमध्येच असतो, पण त्याला हात लावायला हे लोक घाबरतात. सिस्टिम आणि ॲप दोन्ही त्यावर विसंबून असतात, खोटा आकडा घातला की फोन बहुधा सुरूच होत नाही, लोगोवरच फिरत बसतो. सिक्युरिटी पॅचच्या तारखेवर मात्र भरवसा ठेवू नका, तीही निव्वळ मजकूर आहे आणि माझ्या फोनमध्ये तीही ताजी करून ठेवली होती.

झिप माझ्या संगणकावर राहून गेली होती. आत मेटा-इन्फ फोल्डरमध्ये मेटाडेटा नावाची छोटी फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. त्यात पोस्ट-टाइमस्टॅम्पपुढे दहा आकडी संख्या असते, १९७० पासूनचे सेकंद. तारखेत बदलून पाहिली तर २०२० निघाली. अँड्रॉइड १४ आलं २०२३ मध्ये. म्हणजे कुणीतरी स्वयंसेवकाने फुकट दिलेली जुनी बिल्ड उचलायची, त्याचं नाव पुसायचं, आकडा बदलायचा आणि विकायची.

त्या विकणाऱ्याला कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स (मूळ कोड) मागितला. अँड्रॉइडचं कर्नल म्हणजे लिनक्स, ते जीपीएल २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली येतं. कर्नल वाटणाऱ्याने मागेल त्याला त्याचा सोर्स दिला पाहिजे. खऱ्या डेव्हलपरला हे विचारलं तर तो लिंक चिकटवतो आणि कामाला लागतो. हा गप्प झाला.

पैसे गेले ते गेले. खरा घोर पुढचा आहे. बिल्ड 'टेस्ट-कीज'ने, म्हणजे चाचणीच्या चाव्यांनी, साइन (डिजिटल सही) केलेली होती. या चाव्या अँड्रॉइडच्या सोर्सबरोबर जगजाहीर आहेत, त्यामुळे त्याच चावीने साइन केलेलं कुणाचंही ॲप अशा फोनवर सिस्टिमचे अधिकार मिळवू शकतं. अनेक हौशी बिल्डही अशाच असतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. पण माझ्या फोनमध्ये सिस्टिम ॲपच्या यादीत 'सिस्टिम सर्व्हिस' नावाचं एक ॲप होतं, अनइन्स्टॉल न होणारं, आणि त्याच्याकडे एसएमएस वाचायची परवानगी होती. ओटीपी कुठे येतो हे सांगायला नको.

दरम्यान सिमला नेटवर्क मिळेना, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) रिकामा. यावर साहेब पुन्हा बोलते झाले: ईएफएस (आयएमईआय जिथे साठवलेला असतो तो भाग) उडालंय, आयएमईआय परत लिहायचा वेगळा चार्ज. शिवाय बूटलोडर परत लॉक करून देतो, मग बँकेचं ॲपही चालेल. हे दोन्ही साफ नाकारा. आयएमईआयशी खेळणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. आणि कस्टम रॉम आत असताना बूटलोडर लॉक केला तर बहुतेक फोन ती सिस्टिम सुरूच करत नाहीत, मग अशा फोनला परत उठवणं कर्मकठीण. बँकेच्या ॲपचं तर कोणीच वचन देऊ शकत नाही. ती ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणी सेवेकडून फोनची खातरजमा करून घेतात, अनलॉक केलेला फोन त्यात नापास होतो; त्याला चकवायचे जुगाड आज चालतात, उद्या गूगल बंद करतं.

मी कंपनीची माझ्याच मॉडेलची मूळ फर्मवेअर (कंपनीची सिस्टिम) उतरवून फ्लॅश केली. आयएमईआय आपोआप परत आला. ईएफएस शाबूतच होतं, त्या विकणाऱ्याच्या रॉमबरोबर मोडेमची (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाची) फर्मवेअर चुकीची टाकली गेली होती इतकंच. पेमेंट ॲपकडे व्यवहार क्रमांकासह तक्रार केलीय, अजून उत्तर नाही. चॅनेलने नाव बदललंय आणि तेच स्क्रीनशॉट, तोच वॉलपेपर, तितकीच बॅटरी ठेवून आता १५ विकतायत.

ज्यांनी अशी बिल्ड आधीच टाकून घेतलीय त्यांनी फ्लॅश करण्याच्या घाईत पडू नका. आधी त्या फोनमधलं सिम काढा, ते दुसऱ्या फोनमध्ये घालून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड तिथून बदला, जुनी लॉगिन सेशन बंद करा. ज्या संगणकाचा रिमोट दिला होता तोही तपासा, माझ्याकडे ते रिमोटचं ॲप संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल असं लावून ठेवलेलं सापडलं.