सांगली ते दंडोबा सायकल राईड: दिवाणजीचा हिशेब

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ५४, पोट पुढं, सायकल पोराची. घाट किती मिनिटांत चढला हे वाचायला आला असाल तर इथंच थांबा.

कॅन्सर रुग्णांसाठी पैसे गोळा करायची ही राईड जानेवारीच्या शेवटच्या रविवारी झाली. विश्रामबागेतून निघायचं, मिरजेतून पंढरपूर रस्त्यानं दंडोबाचा डोंगर आणि परत, साधारण साठ किलोमीटर. प्रवेश फी ८०० रुपये, शिवाय प्रत्येकानं कमीत कमी ५,००० रुपये देणगी गोळा करून आणायची. फी टी-शर्ट, नाष्टा, मेडलला. देणगी लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला येणाऱ्या पेशंटच्या जाण्यायेण्याला आणि राहण्याला. दोन्ही रकमा एकाच खात्यात पडतात का, हे मी नाव नोंदवायच्या आधी फोनवर दोनदा विचारलं. पलीकडच्या मुलीनं न चिडता सांगितलं, खाती वेगळी आहेत, देणगीचा उतारा नंतर सगळ्यांना पाठवू. पाठवलाही, नवव्या दिवशी. तिथं त्यांना पैकीच्या पैकी.

प्रवासालाच पैसे का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या अक्काला मिश्रीनं गालात गाठ झाली. ऑपरेशन फुले योजनेत बसलं, लाईटही बसली. पण लाईट म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज मिरज, असे सहा आठवडे, तीस वेळा. मशिनखाली काही मिनिटं, बाकी दिवस रस्त्यात. अक्का जतची, आमच्याकडं राहिली म्हणून निभावलं. तिच्याबरोबर बाकावर बसणारी आटपाडीची बाई आणि अथणीकडचा एक म्हातारा रोज एसटीनं यायचे. सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडायचा तो वेगळाच. बावीस वेळा येऊन तो म्हातारा यायचा बंद झाला.

तर मागायला निघालो. नवी हळद यायला लागलेली, सौदे सुरू, व्यापारी भावाच्या नादात. एक म्हणाला, "दिवाणजी, सायकल तुम्ही चालवणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?" उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. दुसऱ्या शेठजींनी ३,००० रोख काढले आणि आयकरात सवलत मिळते ती ८०जीची पावती मागितली. दोन हजारांच्या वर रोख दिलं की ती सवलत जाते, म्हणून त्यांना चेक लिहायला लावला. आणि हमालांनी, मी न मागता, काट्यापाशी रिकामं पोतं अंथरून त्यावर नोटा टाकल्या. दहा, वीस, एकानं पन्नास. १,१४० रुपये झाले. नोंदणीच्या टेबलावर त्या मोजून होईपर्यंत पोरीची बोटं आणि पावतीपुस्तक दोन्ही पिवळं झालं होतं.

आता राईड. सहाला निघायचं ते सहा चाळीसला निघालो, कारण हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे झोपेत होते. मिरजेत वळायच्या चौकात एकही स्वयंसेवक नाही. आम्ही सातआठ जण सरळ पुढं गेलो, एका चहावाल्यानं माघारी धाडलं. ऊसतोडीचा हंगाम, अंधुक उजेडात मागं लाल कागदसुद्धा न लावलेल्या दोन-दोन ट्रॉल्या शेजारनं जातात तेव्हा पाय आपोआप थांबतात. या रस्त्यावर, या महिन्यात उजाडल्याशिवाय सोडू नये. उशीर झाला ते एका अर्थानं बरं झालं म्हणायचं. हेल्मेटशिवाय मात्र कुणालाच सोडलं नाही, हे चांगलं केलं.

थांबे झकास. लिंबू सरबत, केळी आणि मूठमूठ बेदाणे. सरबतात मीठ जास्त, पण घामाला तेच लागतं. टेम्पोतला मिस्त्री तर या सगळ्यात एक नंबर. ज्या गावच्या जुन्या वडासाठी २०२० साली महामार्गाची आखणी बदलली, त्या भोशाजवळ माझी चेन उतरली. त्यानं ती चढवली, मग माझ्याकडं खालीवर बघत म्हणाला, "काका, गुडघं हनवटीला लागत्यात की." पाना काढून सीट चार बोटं वर केली. दोन महिने मी गुडघेदुखीला वयावर ढकलत होतो. दंडोबाचा अर्धा चढ तरीही सायकल हातात धरूनच चढलो. माझ्याबरोबर ढकलणारे बरेच होते, त्यामुळं गप्पा चांगल्या झाल्या.

नाष्ट्याचं उप्पीट गार, त्यात शेंगदाणे शोधावे लागले. परत आल्यावर भाषणं पन्नास मिनिटं. पाहुणे मांडवात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते पाचसहा पेशंट खुर्च्यांवर उन्हात. अक्का आली होती, ती उठून झाडाखाली गेली. "सायकल फिरवली ते बरं केलं," म्हणाली, "पण ह्यास्नी कोण उतरवणार माईकवरनं?"

खरी तक्रार पावत्यांची. व्यापाऱ्यांच्या पावत्या नावानिशी आल्या. हमालांचे १,१४० मात्र 'इतर' या सदरात. मी फोन केला. म्हणाले, रकमा लहान आहेत, सगळ्यांना पावती देणं शक्य नाही. मी म्हटलं, सगळ्यांना नको, एकच द्या, पण माणसांच्या नावानं द्या. पस्तीस वर्षं खतावणी लिहितोय, 'इतर' नावाचा खातेदार मला अजून भेटला नाही. तिसऱ्या फोननंतर नवी पावती आली, 'मार्केट यार्ड हमाल, एक हजार एकशे चाळीस फक्त'.

ती काट्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. पोती उतरवून आलेल्या एकानं माझ्याकडून वाचून घेतली, दोनदा. मग म्हणाला, "पुढच्या टायमाला शनवारी सांगा दिवाणजी, हप्ता झाल्यावर. ह्या बारीला खिशात काय नव्हतंच."