पोर्तुगीज रुपया कुठून घ्यायचा: ऑनलाइन लिलाव, हणजुणचा बाजार की कॅटलॉगवाले

पोर्तुगीज वेळचा चांदीचा रुपया घ्यायचाय, कुठून घेऊ? गोव्यात नाणी जमवायला लागलेला प्रत्येकजण हे विचारतो आणि मी आधी उलट विचारतो, कुठला रुपया. कारण १९५२ चा निकेलवाला रुपया किंवा १९५८-५९ चे, रुपयाच्या जागी आलेले सेंताव्ह-एस्कुद वेगळे आणि १८८१ चा लुईस राजाचा चांदीचा वेगळा. पहिल्यात फसलात तर एका फिश थाळीचे पैसे गेले म्हणायचं, दुसऱ्यात चांगलीच कळ लागते, आणि खोटं बनवणारे पण जिथे पैसा आहे तिथेच मेहनत घेतात ना.

ऑनलाइन लिलावाचा मोठा फायदा म्हणजे माल. ईबे घ्या, फेसबुकचे ग्रुप घ्या, वॉट्सअपवर रात्री चालणारं बिडिंग घ्या, जे पणजी-मडगावात वर्षभर हिंडून दिसणार नाही ते तिथे एका बैठकीत दिसतं, पोर्तुगालमधले विक्रेतेही लावतात. पण नाणं हातात नाही, फक्त फोटो, आणि फोटो कोणाचाही असू शकतो. म्हणून आधी तो फोटो गूगलवर उलटा सर्च करा, दुसऱ्या जुन्या लिलावातून उचललेला असला तर बऱ्याचदा तिथेच सापडतो. मग विक्रेत्याकडे तीन फोटो मागा, काठाचा, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा आणि आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबतचा. त्याच विक्रेत्याची बाकीची नाणीही बघा, दोन वेगवेगळ्या रुपयांवर एकाच जागी एकच ओरखडा किंवा एकच खड्डा दिसला की समजायचं, दोन्ही एकाच साच्यातली, कारण खऱ्या नाण्याला मार बसतो तो ज्याचा त्याला वेगळा बसतो.

‘आजोबांच्या ट्रंकेत मिळालं, मला यातलं काही कळत नाही’ असं लिहिलेलं असेल तर मी तरी पुढे वाचत नाही. बिडिंगमध्ये भाव चढवायला विक्रेत्याचीच माणसं बसवलेली असतात तो प्रकार वेगळाच. आणि ते १८१८ चं राम दरबाराचं नाहीतर हनुमानाचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं, लाखात भाव सांगतात, ते कंपनीने कधी पाडलेलंच नाही, ती नंतर बनवलेली टोकनं आहेत. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व बँकेच्या नावाने कमिशन मागणारेही आहेत, बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय की आमचा या धंद्याशी संबंध नाही.

बाहेरून मागवताना आणखी एक. १०० वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आलेलं खोटं निघालं आणि विक्रेता म्हणाला परत पाठवा, तर खोटं नाणं पुरावस्तू नाही हे पोस्टात पटवून देत कोण बसणार?

हणजुणचा बुधवारचा बाजार किंवा म्हापशाचा शुक्रवारचा, इथे उलटं. निवड कमी, भाव पर्यटक बघून सांगतात, पावती कसली मिळत नाही, पण नाणं हातात येतं, आणि माझ्या मते ही एकच गोष्ट बाकी सगळ्याला भारी पडते. खिशातला छोटा काटा न्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. १८८१-८२ चा लुईसचा, १९०३-०४ चा कार्लुस राजाचा आणि १९१२ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदी, म्हणजे ब्रिटिश रुपयाच्याच मापाचा. १९३५ चा १२ ग्रॅम. १९४७ चाही १२ ग्रॅम पण चांदी निम्मीच. झिजलेलं थोडं हलकं भरणार, पण एकदम ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक पडला तर ठेवून द्या. लोहचुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला, पण न चिकटणं म्हणजे खरं असं नाही, तांबं-पितळही चिकटत नाही.

घरी आणल्यावर पाण्याची टेस्ट करा, ही मला सगळ्यात आवडते. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करायचं, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला-कडेला लागणार नाही असं धरायचं. काटा मग नाण्याने हटवलेल्या पाण्याचं वजन दाखवतो, ११.६६ च्या रुपयाला साधारण १.१३ ग्रॅम, तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेल असलं तर १.३ च्या वर जातो. वरून चांदीचा मुलामा दिलेलाही इथे पकडला जातो. बाजारातला काळा रंग मात्र काही सांगत नाही, गंधकाने नवं नाणंही काळं करतात. ओतीव नकलेत अक्षरं मऊ, अंगावर बारीक छिद्रं आणि कधी काठावर जोडाची रेघ असते, साध्या भिंगाने दिसते.

तिसरे कॅटलॉगवाले, म्हणजे कॅटलॉग काढून नाण्यांचा लिलाव करणाऱ्या संस्था, मुंबईत तोडीवाला, बंगळुरात मरुधर आर्ट्स वगैरे, पोर्तुगीज गोव्याची नाणी त्यांच्याकडे अधूनमधून येतात. वजन छापलेलं, फोटो मोठा, बघणारे जाणकार. महाग पडतं कारण बोलीवर कमिशन आणि टॅक्स चढतो, तो धरूनच बोली लावायची, आणि खोटं ठरलं तर किती दिवसांत परत घेतात ती अट आधी वाचायची. एनजीसी, पीसीजीएस या नाणी तपासून सीलबंद डबीत घालून देणाऱ्या कंपन्या, त्यांच्या डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाका, आणि नुसता नंबर जुळला म्हणून खूश होऊ नका, डब्यासुद्धा नकली येतात खऱ्या नंबरच्या, तिथे फोटो असेल तर तो तुमच्या नाण्याशी ओरखड्यासकट ताडून बघा.

जुन्या घरातून थेट मिळालं तर उत्तमच, फक्त माळेत घालायला कडी लावलेली असते का बघा. कडी काढली तरी डाखाची खूण राहते, नाणं खरं असूनही भाव बराच पडतो, आणि ऑनलाइन फोटोत ती बाजू नेमकी सावलीत असते.

तर निकेल, तांबं आणि एस्कुद बिनधास्त ऑनलाइन घ्या. १९३५, १९४७ चे घेताना हातात घेऊन तोलून घ्या. लुईस आणि कार्लुसचे पहिले एक-दोन तरी कॅटलॉगवाल्यांकडून, जास्त पैसे गेले तरी, कारण मग पुढचा प्रत्येक रुपया ताडून बघायला घरात एक खात्रीचा असतो. आणि ऑनलाइनवाल्याने काट्यावरचा फोटो द्यायला टाळाटाळ केली तर तो लॉट तिथेच सोडा, १९०४ चा रुपया काही परत दिसणार नाही इतका दुर्मिळ नाही.