सहा वर्षांनंतर: आजोळ की बालगृह?

आई तुरुंगात असेल तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितलं. पुढे काय? आजी-मामाकडे, किंवा कुणीच नसेल तर बालकल्याण समितीमार्फत बालगृहात.

आजोळी ओळखीची माणसं, ओळखीची भाषा. पण आजीचं वय झालेलं, मामाच्या घरात आधीच खाणारी तोंडं चार; शिवाय ‘आई कुठंय गं तुझी?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा कुटुंबाला दरमहा मदत मिळू शकते, पण कागदपत्रं गोळा करता करता आजीची दमछाक होते.

बालगृहात शाळा, जेवण, डॉक्टर यांची सोय ठरलेली. गंमत म्हणजे आईची भेट कागदावर इथेच पक्की: त्याच निकालानुसार आठवड्यातून किमान एकदा. आजोळाहून तुरुंग लांब असला तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांतच भेट राहून जाते.

तरी मला विचाराल तर आजोळच, पण मदतीचे पैसे वेळेवर येणार असतील तरच. बहीण-भाऊ वेगळ्या बालगृहांत जाणार असतील, तेव्हा तर नक्कीच.